सोन्याचा मुलामा असलेलं इलेक्ट्रॉनिक भंगार: ऑनलाइन घेताना आणि विकताना

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. विटा, खानापूर, आटपाडी हा भाग दुष्काळी. पाण्याअभावी घराबाहेर पडलेल्या इथल्या माणसांनी देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकली. गलाईवाले म्हणून ओळखतात त्यांना. माझे मामा त्यांतलेच, उभं आयुष्य कोइमतूरला गेलं. मी मात्र सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. दहा-बारा वर्षांत दुकानाच्या पोटमाळ्यावर जुन्या रॅम, प्रोसेसर, साउंड कार्ड, नेटवर्क कार्डांची पोती साठली, आणि तेव्हापासून मी या मालाच्या खरेदी-विक्रीत आहे.

सुरुवातीला मी फसलो. एका ऑनलाइन जाहिरातीत 'गोल्ड पिन, मिलिटरी ग्रेड' म्हणून पाच किलो पिना दिसल्या. पिवळ्याधमक फोटोवर भाळून पैसे पाठवले. माल आला तो मामा गावाकडं सुट्टीला आलेले असताना. त्यांनी एक पिन पक्कडीत धरली, बारीक कानस दोनदा फिरवली आणि भिंगाखाली माझ्यापुढं धरली. पिवळ्या रंगाची नुसती हूल होती, खाली सगळं पितळ.

"आरं, पिवळं दिसलं म्हंजी सोनं झालं व्हय? टंच काढल्याबिगर पैसं सोडायचं नसत्यात."

टंच म्हणजे धातूतल्या सोन्याचा कस, शेकड्यात किती ते. मुलाम्याच्या मालाचा टंच सोनाराच्या दागिन्यासारखा सरळ निघत नाही आणि फसवणूक नेमकी तिथंच होते. म्हणून भाव, जाहिरात, पैसे या सगळ्यांच्या आधी माल समजून घेऊ.

आधी जाडी समजून घ्या

कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांना बाजारात फिंगर म्हणतात. या पट्ट्या तांब्याच्या असतात, तांब्यावर निकेलचा थर असतो आणि निकेलवर सोनं. निकेल मध्ये घालतात कारण तांबं हळूहळू सोन्यात शिरतं आणि वरचा थर खराब होतो. कार्ड पुन्हा पुन्हा काढायचं-घालायचं असेल तर थोडं कोबाल्ट किंवा निकेल मिसळलेलं टणक सोनं चढवतात आणि त्याची जाडी चांगल्या औद्योगिक मालात ०.७५ मायक्रॉनच्या आसपास असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उलट मदरबोर्डावर सगळीकडं जे सोनेरी ठिपके दिसतात, ते रासायनिक पद्धतीनं चढवलेलं सोनं, ०.०५ ते ०.१ मायक्रॉनच. डोळ्याला दोन्ही सारखंच पिवळं दिसतं.

आता हिशोब. सोन्याची घनता १९.३ ग्राम प्रति घन सेंटिमीटर. एक चौरस सेंटिमीटर जागेवर ०.७५ मायक्रॉनचा थर असेल तर सोनं होतं सुमारे १.४५ मिलिग्राम. तोच थर ०.१ मायक्रॉनचा असेल तर ०.१९ मिलिग्राम. हे दोन आकडे पाठ करून ठेवा, बाकीचं सगळं यांवरून काढता येतं.

डीडीआर-३ रॅमची पट्टी घ्या. तिला २४० संपर्क असतात. एकेक संपर्क साधारण ०.८ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर लांब धरला तर एकूण जागा ४.८ चौरस सेंटिमीटर भरते. ०.७५ मायक्रॉनच्या थराला एका पट्टीच्या फिंगरवर ७ मिलिग्राम सोनं निघालं पाहिजे आणि ०.१ मायक्रॉनच्या थराला एक मिलिग्रामही नाही. अशा शंभर पट्ट्या घेतल्या तर एकीकडं ०.७ ग्राम, दुसरीकडं ०.०९ ग्राम. हिशोबाला सोपा म्हणून सोन्याचा भाव ग्रामला १०,००० रुपये धरला, तर एक ढीग ७,००० रुपयांचा आणि शेजारचा तसाच दिसणारा ढीग ९०० रुपयांचा. दोन्हींचा फोटो एकच निघेल. म्हणून 'सोनं किती निघेल?' असं कुणी विचारलं की मी आधी कंपनी, वर्ष आणि कार्डाचा प्रकार विचारतो. जुनं औद्योगिक, टेलिफोन एक्स्चेंजचं, सर्व्हरचं कार्ड जाड मुलाम्याचं असण्याची शक्यता जास्त, स्वस्त घरगुती कार्ड पातळ.

माल ओळखायची पद्धत

पिवळं दिसणारं सगळं सोनं नसतं. कॉम्प्युटरच्या केसमधले पिवळसर स्क्रू पोलादाचे असतात, त्यांवर जस्ताचा मुलामा आणि त्यावर पिवळा रासायनिक थर असतो. स्पीकरच्या जॅकवर नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं असतं आणि पुष्कळदा तेही नसतं, पितळावर लाख असते. हातात आल्यावर या चाचण्या करा:

१. एक नग वेगळा काढून बारीक कानशीनं एकाच ठिकाणी घासा आणि दहापट भिंगाखाली बघा. वर पिवळी रेघ, तिच्याखाली पांढरट निकेल आणि मग लालसर तांबं किंवा पिवळट पितळ असे थर दिसले तर माल खरा मुलाम्याचा आहे. पांढरा थर न दिसता पिवळ्याखाली थेट पितळ दिसलं तर संशय घ्या.

२. लोहचुंबक लावा, पण निकाल देण्यासाठी नव्हे, माल वेगळा करण्यासाठी. नवशिके इथं हमखास चुकतात. चुंबकाला चिकटलं म्हणून फेकून देतात. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिना आणि झाकणं कोवार नावाच्या लोखंड-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूची असतात. ती चुंबकाला चिकटतात आणि त्यांवरचा मुलामा चांगला जाड असतो.

३. शाळेच्या खोडरबरानं घासा. मळ जाऊन पिवळी चमक तशीच राहिली तर ठीक. काळपट किंवा हिरवट डाग असलेला, ओल खाल्लेला माल बहुधा पातळ मुलाम्याचा असतो, कारण जाड थरातून गंज सहसा वर येत नाही.

सोनाराच्या गल्लीत टंच काढायचं क्ष-किरण यंत्र असतं. तिथं पिन नेऊन 'एवढा टंच आला' अशी पावती दाखवणारे विक्रेते भेटतात. ते यंत्र दागिन्यासारख्या एकजीव धातूसाठी लावलेलं असतं. मुलाम्याच्या नगावर किरण वरच्या थरातून खालच्या धातूत जातात आणि येणारा आकडा दोन्हींची खिचडी असते. त्यावरून पोत्यातलं सोनं काढता येत नाही. अशी पावती पुढं आली तर तिच्यावर भाव ठरवू नका.

मालाचे वाटे करा

बाजारात मिसळ मालाला सगळ्यात पडका भाव मिळतो, कारण घेणारा त्यातल्या सगळ्यात हलक्या मालाचा भाव धरतो. दोन दिवस बसून वाटे केले तर त्याच पोत्याचे जास्त पैसे येतात. माझ्या अनुभवात या धंद्यातली खरी कमाई इथंच होते.

सिरॅमिक प्रोसेसर वेगळे ठेवा. जुने ४८६, पहिले पेंटियम, आणि त्यातही १९९५ सालचा पेंटियम प्रो. त्याला ३८७ सोनेरी पिना आहेत आणि एका नगात पाव ते अर्धा ग्राम सोनं धरतात. हिरव्या किंवा तपकिरी फायबरवरचे पिनांचे प्रोसेसर हा दुसरा वाटा. २००४ पासून इंटेलनं डेस्कटॉपच्या पिना प्रोसेसरवरून काढून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये नेल्या. अशा प्रोसेसरखाली नुसते सपाट ठिपके असतात, त्यांत सोनं फारच थोडं. हे तिन्ही प्रकार एका पिशवीत घालून 'प्रोसेसर किलोवर' विकणं म्हणजे पेंटियम प्रो फुकट देणं.

रॅमच्या पट्ट्या अख्ख्या ठेवा. फिंगर कापून विकायचा मोह होतो, कारण कापलेल्या फिंगरचा किलोचा भाव मोठा दिसतो. पण रॅमच्या काळ्या चिपांच्या आतही केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात. अलीकडच्या बऱ्याच चिपांत तांब्याच्या तारा आल्या आहेत, जुन्यांत सोनंच आहे. फिंगर कापली की उरलेल्या पट्टीचा भाव कोसळतो आणि दोन्ही मिळून पैसे बहुधा कमीच येतात. साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड यांच्या फिंगर कापायच्या असतील तर सोनेरी पट्टीच्या अगदी लगत कापा. वर हिरवा भाग जितका जास्त, तितका किलोला सोन्याचा वाटा कमी.

पिना आणि कनेक्टरचे तीन वाटे करतो मी: पूर्ण सोनेरी, फक्त टोकाला सोनेरी आणि प्लास्टिकसकट. पूर्ण सोनेरी पिनेचा भाव टोकाच्या पिनेला मागू नका. घेणारा पोतं उघडून दोन मुठी काढणार आणि तिथंच तुमची पत जाणार.

आणि वाटे करण्याआधीचा एक वाटा, जो सगळ्यात महत्त्वाचा: चालू माल. चालणारी सर्व्हरची रॅम भंगारात देऊ नका, तिची वस्तू म्हणून किंमत सोन्याच्या कितीतरी पट असते. जुने सिरॅमिक प्रोसेसर, काचेची खिडकी असलेल्या मेमरी चिपा, जुनी साउंड कार्डं यांचे जगभर संग्राहक आहेत. इंटेलचा १९७१ सालचा ४००४ हा पांढऱ्या सिरॅमिकचा, सोनेरी पायांचा नग कुणी सोन्यासाठी मोडला तर मला त्याचं मनापासून वाईट वाटेल. नगावरचा क्रमांक टाइप करून आधी शोधा, मगच तो भंगाराच्या पोत्यात टाका.

कायदा कुठं आडवा येतो

ई-कचरा व्यवस्थापन नियम २ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणं आहेत. उत्पादक, निर्माता, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा, या सगळ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि नोंदणी नसलेल्याशी व्यवहार करायची त्यांना मुभा नाही. ज्या कंपन्या-कार्यालयांत हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं आहेत त्यांनी आपला कचरा नोंदणी असलेल्यांकडेच द्यायचा आहे.

तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ असा. घरातली, दुकानातली जुनी कार्डं विकताना शेवटी ती कुठं जाणार हे विचारा. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची यादी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर आहे, तिच्यात नाव तपासा आणि नोंदणीची प्रत मागून घ्या. नियमित खरेदी करून धंदा करायचा असेल तर माल फोडण्या-गाळण्याच्या भानगडीत नोंदणीशिवाय पडू नका. सुरुवातीलाच सनदी लेखापालाकडं आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन आपल्या कामाला काय लागेल ते लेखी विचारून घ्या. जीएसटीचंही तिथंच ठरवा. मालाची ने-आण करताना परराज्यात ५०,००० रुपयांवरच्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं.

चोरीचा माल ही या धंद्यातली मोठी जोखीम आहे. मोबाइल टॉवरवरची कार्डं चोरून विकणाऱ्या टोळ्या देशभर पकडल्या जातात. टॉवरची, टेलिफोन एक्स्चेंजची, रेल्वेची किंवा लष्करी मालाची जाहिरात दिसली आणि विकणाऱ्याकडं लिलावाची पावती, डिलिव्हरी ऑर्डर यांपैकी काही नसेल, तर भाव कितीही चांगला असू द्या, हात लावू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो. सरकारी खात्यांचा असा माल कायदेशीर मार्गानं निघतो तो एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावांतून. तिथं ई-कचऱ्याला बोली लावायला नोंदणी लागते, बयाणा भरावा लागतो आणि माल 'जिथं आहे, जसा आहे' या अटीवर उचलावा लागतो. म्हणून बोलीआधी गोदामात जाऊन माल बघणं चुकवू नका.

परदेशी संकेतस्थळांवर अमेरिका-युरोपातल्या फिंगर आणि प्रोसेसरचे ढीग स्वस्त दिसतात. ते मागवू नका. ई-कचरा भारतात आणायला केंद्राची परवानगी लागते आणि १ जानेवारी २०२५ पासून बाझल करारातल्या (घातक कचऱ्याच्या ने-आणीवरचा आंतरराष्ट्रीय करार) दुरुस्तीनं देशादेशांतली ई-कचऱ्याची वाहतूक आणखी आवळली आहे. तिकडं राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या तिथं घेणं-विकणं वेगळं, पण 'दादाला गावी पाठवतो' म्हणून खोकं पाठवलं तर ते कस्टममध्ये अडकणार.

विकताना जाहिरात कशी लिहावी

फोटो दिवसा, खिडकीशेजारी काढा. पिवळ्या बल्बखाली जस्तही सोन्यासारखं दिसतं, आणि जाणकार घेणारा अशा फोटोवर विश्वास ठेवत नाही. माल पांढऱ्या कागदावर पसरा, शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा मोजपट्टी ठेवा. एक फोटो अख्ख्या मालाचा, एक मूठभर जवळून, एक उलट बाजूचा आणि एक काट्यावर ठेवलेला, ज्यात वजनाचा आकडा स्पष्ट वाचता येईल. चिठ्ठीवर तारीख आणि आपल्या दुकानाचं नाव लिहून ती फोटोत ठेवा, म्हणजे तुमचा फोटो उचलून दुसरा कुणी फसवणूक करणार नाही.

वजन निव्वळ द्या. पत्र्याची पट्टी, स्क्रू, ॲल्युमिनियमचे हीटसिंक, बॅटरी काढून. वर्णनात दिसतं तेच लिहा. मी असं लिहितो: 'डीडीआर-२ आणि डीडीआर-३ डेस्कटॉप रॅम, अख्ख्या, हीटसिंक नाहीत, सगळ्या बंद, निव्वळ ३ किलो ४०० ग्राम, फिंगर कापलेल्या नाहीत, जळक्या पट्ट्या नाहीत.' 'यातून इतके ग्राम सोनं निघेल' असं कधीही लिहू नका. ते तुम्ही मोजलेलं नाही आणि घेणाऱ्याला कमी निघालं तर तो तुमच्याच शब्दावर बोट ठेवणार. सोनं किती हे घेणाऱ्यानं काढायचं, माल काय आणि किती हे आपण सांगायचं. एवढी शिस्त पाळली तर गिऱ्हाईक पुन्हा येतं.

हार्ड डिस्क, मोबाइल, पेनड्राइव्ह विकायला काढण्याआधी त्यांतला डेटा कायमचा नष्ट करा. नुसतं डिलीट पुरत नाही. डिस्क विकायची नसेल तर तिच्या थाळ्यांना भोकं पाडा आणि फक्त हिरवा बोर्ड विका.

भाव कसा धरावा

घेताना मी कागदावर तीन ओळी लिहितो. पहिली, वर सांगितल्याप्रमाणे क्षेत्रफळ आणि जाडीवरून निघणारं सोनं, पण जाडी नेहमी कमीतली धरून. दुसरी, त्या दिवसाचा सोन्याचा भाव. तिसरी, वजावट: वाहतूक, गाळणावळ, घट, कर आणि पैसे अडकून राहण्याचे दिवस. एवढं करून जी रक्कम येते, तिच्या निम्म्यावर मी थांबतो. हा माझा नियम आहे, तुमचा वेगळा असू शकतो, पण नियम असू द्या. मोबाइलवर समोरचा 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' म्हणत असताना हिशोब करता येत नाही.

विकताना उलट करा. एकाच घेणाऱ्याला न विचारता तिघांना विचारा आणि तिघांना एकच फोटो, एकच वर्णन पाठवा. कुणी बघितल्याशिवाय फारच वरचा भाव देत असेल तर सावध व्हा. असा माणूस माल हातात आल्यावर 'ग्रेड खराब आहे' म्हणून भाव पाडतो आणि माल परत मागवायचा खर्च तुम्हाला परवडत नाही. म्हणून आधी नमुना पाठवा, अर्धा किलो पुरे. नमुन्यावर भाव लेखी ठरवा, मग बाकीचा माल.

मोठा ढीग असेल तर नमुना काढायची गलाईवाल्यांची, धान्यवाल्यांची जुनी पद्धत वापरा. सगळा माल ताडपत्रीवर ओतून फावड्यानं नीट कालवा, गोल ढीग करा, त्याचे चार वाटे पाडा. समोरासमोरचे दोन वाटे बाजूला सारा, उरलेले दोन पुन्हा कालवा, पुन्हा चार वाटे. असं करत हाती अर्धा किलो राहील तो खरा नमुना. पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढलेला नमुना विकणाऱ्यानं आधीच तयार ठेवलेला असू शकतो.

पैसे आणि पाठवणी

पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. 'क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील' असं म्हणणारा चोर आहे. 'मी फौजेत आहे, बदली झालीय, आधी गेट पाससाठी थोडे पैसे पाठवा' हाही ठरलेला डाव आहे. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते.

पहिल्या व्यवहाराला शक्यतो समोरासमोर भेटा, दिवसा, दुकानात, आणि काटा स्वतःचा न्या. लांबचा व्यवहार असेल तर थोडी आगाऊ रक्कम, माल पोचल्यावर बाकी, असं व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. बिल मागा, बिल द्या.

पाठवताना बॅटऱ्या काढून टाका, जुन्या मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरीसुद्धा. प्रोसेसरच्या पिना वाकू नयेत म्हणून ते फोममध्ये टोचून ठेवा, विशेषतः संग्राहकाला पाठवत असाल तर. या मालाचं खोकं लहान पण जड होतं आणि तळ फाटून पिना सांडतात. म्हणून आत कापडी पिशवी, मग दुहेरी खोकं, जोडांवर चिकटपट्टी आणि पट्टीवर आरपार सही. काट्यावरचं वजन, पिशवी बांधणं, सही करणं, हे सगळं एकाच न तुटणाऱ्या व्हिडिओत घ्या. घेणाऱ्यानंही तसंच करावं: आधी सीलबंद खोक्याचं वजन, मग उघडणं, मग निव्वळ वजन, कॅमेरा बंद न करता. एकदा मला खोक्यात ३०० ग्राम कमी भरलं होतं. दोन्हीकडचे व्हिडिओ शेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत कळलं की समोरच्यानं वजन पिशवीसकट सांगितलं होतं. भांडण झालं नाही, पैसे वळते झाले.

घरी तेजाब आणू नका

व्हिडिओ बघून घरच्या गच्चीवर सोनं काढायला बसणारे तरुण मला दर महिन्याला भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगतो, करू नका. नायट्रिक आम्लात तांबं पडलं की तपकिरी धूर उठतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा घातकपणा असा की श्वासातून आत गेल्यावर तासन्‌तास माणूस ठीक असतो आणि मग फुप्फुसात पाणी भरायला लागतं. सायनाइडबद्दल बोलायलाच नको. आमच्या भागातल्या जुन्या गलाईवाल्यांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. उरलेलं आम्ल गटारात ओतलं की तांबं, शिसं, निकेल सगळं पाण्यात जातं. आणि नोंदणीशिवाय हे करणं कायद्याविरुद्धही आहे.

हाताळतानाही काळजी घ्या. जुन्या लष्करी कनेक्टरांच्या कवचावर कॅडमियम असतं, ते घासू किंवा तापवू नका. रेडिओ-प्रेषकातल्या काही पांढऱ्या सिरॅमिकच्या ट्रान्झिस्टरांत बेरिलियम ऑक्साइड असतं. ते फोडलं आणि धूळ श्वासात गेली तर फुप्फुसाचा आजार जन्मभराचा. काचेच्या नळीत चकाकता थेंब हलताना दिसला तर तो पारा, तो नग वेगळा बांधून पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला सांगून द्या. बोर्ड कापताना मास्क लावा आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

शेवटचा टप्पा, टंच

माल मोठा झाला की नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याशी थेट बोला. किमान किती किलो घेता, नमुना कसा काढता, टंच कसा काढता, घट किती कापता, पैसे किती दिवसांत, तांबं आणि पॅलेडियमचे पैसे वेगळे देता का, हे सहा प्रश्न आधी विचारा. विश्वासाचा टंच म्हणजे माल दळून, एकजीव करून, भट्टीत कुपीवर, म्हणजे धातू शोषणाऱ्या सच्छिद्र वाटीत, काढलेला. शिशाबरोबर वितळवलं की हलके धातू कुपीत शोषले जातात आणि मौल्यवान धातूचा मणी वर राहतो. त्यातली चांदी वेगळी करून उरलेलं सोनं तोलतात. नमुन्याचे तीन भाग मागा: एक त्यांचा, एक तुमचा, एक सीलबंद, वाद झालाच तर तिसऱ्याकडं पाठवायला. चांगला व्यावसायिक याला नकार देत नाही.

आलेला टंच वहीत लिहा. माझ्या वहीत प्रत्येक वाट्यापुढं चार रकाने आहेत: माल, निव्वळ वजन, मी धरलेलं सोनं, प्रत्यक्ष निघालेलं सोनं. पहिल्या वर्षी शेवटच्या दोन रकान्यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, प्रत्येक वेळी माझा अंदाज जास्त. गेल्या दिवाळीला मामांनी ती वही चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे जुनं टेलिफोनचं कार्ड कुठनं आणलं व्हतंस?" त्या एका वाट्यात प्रत्यक्षाचा आकडा माझ्या अंदाजाच्या पुढं गेला होता. आता त्या कंपनीचं कार्ड कुठंही दिसलं तरी मी मागचा क्रमांक आधी वाचतो.